खतवाले काढू की टोमणेवाले?

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका ताईंनी चार वर्षांपूर्वी गच्चीवरच्या बागेचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आज त्यात २६० जण आहेत. त्यातले एक जण रोपं आणि गांडूळखत विकतात. रोज सकाळी सातला त्यांचं दरपत्रक येतं, आणि कोणी मिरचीवर पिठ्या ढेकूण आलाय म्हणून फोटो टाकला की उत्तरात त्यांच्याच यूट्यूब चॅनेलची लिंक येते. दुसरे एक निवृत्त गृहस्थ आहेत. बागेतलं त्यांना खरोखर कळतं, पण हे त्यांना बघवत नाही. ते नाव न घेता टोमणे मारतात, 'काही लोकांना झाडांपेक्षा गिऱ्हाईकं जास्त दिसतात' अशा थाटाचे. मग दोन्हीकडून चार-चार जण उतरतात आणि दुपारपर्यंत फोन वाजत राहतो. ताई विचारतात, दोघांपैकी कोणाला काढू? आणि प्रकरण पोलिसांत गेलं तर ॲडमिन म्हणून माझ्या गळ्यात येईल का? जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की खतवाले माणूस म्हणून वाईट नाहीत, 'माझ्याकडून तर खताचे पैसेही घेत नाहीत.'

ताई, पोलिसांचं आधी उरकतो. मी वकील नाही, पण हा विषय मलाही एकदा घाबरवून गेलाय म्हणून वाचून ठेवलंय. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, केवळ ॲडमिन आहे एवढ्यावरून, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचं आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. माणूस घेणं आणि काढणं यापलीकडे ॲडमिनच्या हातात फारसं काही नसतं, असा त्यामागचा विचार होता. त्यानंतर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय दिली. त्यामुळे शिवी, धमकी किंवा कोणाच्या घरच्यांवरून काही आलं तर ते रात्रभर तसंच पडू देऊ नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग पुसा. लिहिणारा मात्र आपल्या शब्दांना जबाबदार असतोच. अब्रुनुकसानीचं जुनं ४९९ कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं म्हणून ते लागत नाही असं नाही. एवढं दोघांच्याही कानावर घालून ठेवा, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंत, दोघांपैकी कोण. मला विचाराल तर तुमची अडचण त्या दोघांची नाहीच, उरलेल्या २५८ जणांची आहे. त्यांच्याबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळही नाही. हे मी नावं ठेवायला लिहीत नाही, माझंही अगदी असंच झालं होतं.

माझा ग्रुप पक्ष्यांचा आहे. कंबर तलावावर रविवारी पहाटे भेटणाऱ्या ३१ जणांपासून सुरू झाला, अकरा वर्षं झाली, आज ३४० जण आहेत. दोन वर्षांपूर्वीची एप्रिलमधली एक सकाळ सांगतो. आमच्यातल्या एका तरुण छायाचित्रकाराने नान्नजकडच्या माळावर काढलेला धाविक पक्ष्याच्या अंड्यांचा फोटो टाकला. धाविक घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालतो, आणि ती खड्यांत अशी मिसळतात की पाय पडायची वेळ आली तरी दिसत नाहीत. फोटो अप्रतिम होता. त्याखाली त्याच्या छायाचित्रण कार्यशाळेची जाहिरात होती, आणि जागेचं लोकेशन, अगदी पिनसकट. हे सव्वासातला. साडेसातला आमच्या एका ज्येष्ठांनी लिहिलं, 'हल्ली अंडी भाजणाऱ्यांनाही पक्षीप्रेमी म्हणतात.'

मुद्दा सोळा आणे खरा होता. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ही पाखरं अंडी उबवायला कमी आणि सावली धरायला जास्त बसतात. माणूस जवळ रेंगाळला की ती उठतात, आणि उघडी पडलेली अंडी तापून वाया जातात. पण हे सगळं त्या वाक्यात नव्हतं. त्या वाक्यात फक्त चिमटा होता. मग जे व्हायचं ते झालं. कोणी म्हटलं तुम्हाला त्याच्या कॅमेऱ्याचा जळफळाट होतो, कोणी २०१९ च्या एका सहलीचा हिशेब काढला, कोणी उगाच हात जोडलेले इमोजी टाकत बसलं. दुपारी एकपर्यंत १४३ मेसेज. मी नंतर बसून मोजले. त्यात अंड्यांबद्दलचे नऊ होते. ते लोकेशन काढून टाका, असं एकानेही म्हटलं नाही. मीही नाही. ते दुपारपर्यंत तसंच होतं.

त्याच गदारोळात, पावणेदहाच्या सुमारास, एका मुलीने फोटो टाकला होता. कुंडीतल्या झाडाची दोन पानं एकमेकांना शिवून पिशवी केलेली, आत कापूस. खाली विचारलं होतं, 'हे कोणी शिवलंय?' शिंपी पक्ष्याचं घरटं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना झोपेतही सांगता आलं असतं. कोणी उत्तर दिलं नाही, कारण तोवर तिचा फोटो ऐंशी मेसेज वर गेला होता. तीन दिवसांनी ती ग्रुप सोडून गेली. व्हॉट्सॲपवर कोणी बाहेर पडलं की त्याची सूचना आता फक्त ॲडमिनला येते, आणि ॲडमिन भांडण मिटवण्यात गुंतला होता, त्यामुळे मला ते महिनाभराने कळलं.

तेव्हापासून ग्रुप बरा चाललाय की नाही हे मी एकाच गोष्टीवर ठरवतो: नव्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तर त्याला संध्याकाळपर्यंत धड उत्तर मिळतं का? मिळत असेल तर भांडणं असोत, जाहिराती असोत, चालतं. मिळत नसेल तर बाहेरून कितीही शांत दिसो, ग्रुप आतून संपत आलाय. तुम्ही आजच मागे जाऊन गेल्या महिन्यातले नव्या लोकांचे प्रश्न शोधा आणि किती अनुत्तरित राहिले ते पाहा. पुढचं सगळं त्या आकड्यावर अवलंबून आहे.

खतवाल्यांकडे येऊ. विकणारा माणूस म्हणजे लबाड, ही समजूत आधी सोडा. चादरी-टॉवेलांच्या गावात आपण विक्रीला नाकं मुरडावीत हे जरा गमतीचंच आहे. तो माणूस त्यावर घर चालवतो. अडचण विक्रीची नाही, देवाणघेवाणीची आहे. ग्रुपमधलं लक्ष ही सगळ्यांची सामायिक विहीर. कोणी पाणी भरलं तर हरकत नाही, पण रोज पंप लावला आणि गाळ काढायला एकदाही आला नाही तर लोक चिडणारच.

आणि जाहीर अपमानाने जाहिरातबाज थांबत नाही, हे फार पूर्वी सिद्ध झालंय. १९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या एका वकील जोडप्याने ग्रीन कार्डच्या लॉटरीची आपली जाहिरात यूजनेटवरच्या हजारो चर्चागटांत एकदम टाकली. सिनेमाच्या गटात, मांजरांच्या गटात, जिथे जमेल तिथे. लोक इतके भडकले की रागाच्या मेलचा पूर आला आणि त्या जोडप्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे मेल सर्व्हर पुन्हा पुन्हा कोसळले. म्हणजे यंत्रं जाहिरातीने बसली नाहीत, जाहिरातीवर चिडलेल्यांनी बसवली. जोडप्याने माफी तर मागितली नाहीच, वर आम्हाला गिऱ्हाईकं मिळाली म्हणून सांगितलं आणि इंटरनेटवर धंदा कसा करावा याचं पुस्तक लिहिलं. तुमच्या निवृत्त काकांचा प्रत्येक टोमणा त्या खतवाल्यांची फुकटची जाहिरात आहे. टोमणा आला की लोक वर जाऊन दर बघतात. मी स्वतः बघितले असते.

आम्ही आधी दहास एकचा नियम लावून पाहिला. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर बरीच वर्षं हा अंदाज सांगितला जायचा, की आपल्या कामाबद्दलची पोस्ट दहात एकच असावी. कागदावर छान दिसतो. पण मोजणार कोण? लोक नऊ वेळा 'वा, छान' लिहायचे आणि दहावी जाहिरात टाकायचे. तीन आठवड्यांत तो सोडला.

मग जे टिकलं ते असं. रविवारी संध्याकाळी पाच ते आठ बाजार. कॅमेरा, दुर्बीण, सहल, कार्यशाळा, ज्याला जे विकायचं ते तेव्हा मांडा, भाव लिहून मांडा. इतर वेळी आलं तर मी काही न बोलता पुसतो आणि त्या माणसाला एकट्याला कळवतो, 'रविवारी टाका.' दुसरं, कोणी प्रश्न विचारला तर उत्तर आधी शब्दांत द्यायचं, लिंक त्याच्या खाली. 'पिठ्या ढेकणाला पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी' एवढं लिहून मग व्हिडिओची लिंक टाकली तर ती मदत झाली. नुसती लिंक टाकली तर ती टोपी. तिसरं, एखादी वस्तू सुचवताना त्यात आपले पैसे गुंतलेले असतील तर तसं सांगायचं.

हे नियम मला सुचले नाहीत. मला दाखवून दिले गेले. मी एका वर्षी माझ्या फोटोंचं कॅलेंडर काढलं होतं, माळढोक मुखपृष्ठावर, आणि दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत ग्रुपवर विकत होतो. मला ती जाहिरात वाटतच नव्हती, ग्रुप माझाच होता ना. शेवटी एकाने, ज्याच्या सहलीची पोस्ट मी आदल्या दिवशी पुसली होती, अगदी नम्रपणे विचारलं, 'सर, कॅलेंडर किती शिल्लक आहेत?' मी मिठाची गुळणी धरून बसलो. त्या दिवसापासून नियम पहिल्यांदा ॲडमिनला.

आता भांडण. यात बरंच काही परिस्थितीवर आहे, ते आधी सांगतो. तीस जणांच्या, एकमेकांना तोंडओळख असलेल्या ग्रुपमध्ये दोघांना एकत्र चहाला बसवून मिटतं. २६० मध्ये ते जमत नाही, कारण प्रेक्षक असतात आणि प्रेक्षकांसमोर कोणी माघार घेत नाही. मूळ कारण ग्रुपबाहेरचं असेल, उसने पैसे, शेजारपाजार, जुनी सोसायटीची निवडणूक, तर तुम्ही मिटवू शकत नाही, फक्त ग्रुपबाहेर ठेवू शकता. आणि जर एकच माणूस एकाच्याच, बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या, प्रत्येक मेसेजवर येऊन काहीतरी बोलत असेल, खासगीत मेसेज करत असेल, तर ते भांडण नव्हे. तो छळ आहे. तिथे मध्यस्थी, दोन्ही बाजू, चहा, काहीही करू नका. त्याच दिवशी काढा आणि कारण सांगत बसू नका. मी एकदा अशा वेळी दोघांचं ऐकून घेऊ म्हणालो होतो, त्याची लाज अजून वाटते.

तुमचं प्रकरण यातलं नाही, साधं मानापमानाचं आहे. त्यात लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, ही निम्मी कटकट. २००५ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ईमेल पाठवणाऱ्यांना वाटत होतं की आपला उपरोध समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल, प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा कळला. नाणं उडवून ठरवलं तरी पन्नास टक्के आलेच असते. आपल्याकडे तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरात बोलणारे लोक एकाच ग्रुपात मराठी लिहितात, आणि वर आपलं 'बे'. आमच्याकडे पुण्याहून बदलीवर आलेले एक बँक अधिकारी होते. त्यांनी माळावरच्या एका पाखराला तीरचिमणी म्हटलं. आमच्या एका विणकर घरातल्या मित्राने प्रेमाने लिहिलं, 'काय बे सर, चंडोल आहे की.' सोलापुरात 'काय बे सर' म्हणजे सन्मानात आपुलकी मिसळलेली. पुण्यात तो अपमान. साहेब आठ दिवस बोलेनात. मी त्या मित्राला म्हटलं, फोन कर आणि हेच वाक्य तोंडाने म्हण. त्याने केला. पलीकडून हसण्याचा आवाज आला, विषय संपला.

म्हणून पहिली गोष्ट, ग्रुपवर उत्तर देऊ नका, 'दोघांनीही संयम ठेवावा' असलं पत्रकही काढू नका. फोन करा. दोघांना वेगवेगळा. जमलं तर घरी जा. मी त्या अंड्यांवाल्या भांडणानंतर ज्येष्ठांकडे गेलो होतो. दीड तास त्यांनी त्या मुलाच्या तक्रारी सांगितल्या, मी शेंगा खात बसलो. मग ते आत गेले आणि वह्या घेऊन आले. १९९८ पासूनच्या. हिप्परग्याच्या तलावावर पट्टकदंब हंस कोणत्या तारखेला उतरले, किती होते, माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी कधी दिसला, पाऊस किती, सगळं शाईच्या पेनाने. म्हणाले, 'ग्रुपमधल्या एकानेही कधी विचारलं नाही. त्याला एका फोटोला दोनशे बदाम.' तिथे मला कळलं की अंड्यांचा राग खरा होता, पण त्याच्या खाली हे होतं.

दर शुक्रवारी त्यांनी वहीतलं एक पान ग्रुपवर टाकायचं, असं आम्ही ठरवलं. लोक तुटून पडले. टोमणे आपोआप कमी झाले, बंद झाले नाहीत. मुलाला मी वेगळं भेटलो, पार्क चौकात. तो म्हणाला, लेन्सचा हप्ता कार्यशाळेतून जातो, जाहिरात बंद केली तर लेन्स विकावी लागेल. त्याला बाजाराचा रविवार दिला आणि घरट्यांची, अंड्यांची ठिकाणं कधीही टाकणार नाही असं कबूल करून घेतलं. हा नियम मग सगळ्यांनाच लागू केला. ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या जागतिक संकेतस्थळावरही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी ठिकाणं झाकलेली असतात, त्यामुळे त्याला ते आपल्यावर उगवलेला सूड वाटलं नाही.

फार गोड शेवट समजू नका. ज्येष्ठांनी पुढच्या वर्षी दुसऱ्याच कोणाशी वाद घातला, रागावून बाहेर पडले आणि साठ जणांचा वेगळा ग्रुप काढला. मी त्यातही आहे. तिथे नुसत्या नोंदी असतात, फोटो चालत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला तो ग्रुप जास्त आवडतो. ग्रुप फुटला की ॲडमिनला आपण हरलो असं वाटतं. तसं वाटून घेण्याचं कारण नाही.

एक गोष्ट करू नका. भांडण वाढलं की 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे बटण दाबायचा मोह होतो. एक रात्र ठीक आहे, डोकी थंड होतात. मी एकदा आठ दिवस दाबून ठेवलं. उघडल्यावर पक्ष्यांबद्दल कोणी बोलेना, फक्त सूर्योदयाचे सुप्रभात येऊ लागले. ते हटवायला दोन महिने गेले.

तर ताई, या आठवड्यात माझ्या मते एवढं करा. दोघांपैकी कोणालाही काढू नका. आधी काकांना फोन, कारण तक्रार त्यांची खरी आहे. त्यांना विचारा, नव्या लोकांच्या रोगराईच्या प्रश्नांची उत्तरं रोज संध्याकाळी तुम्ही द्याल का? नाही म्हणाले तर आग्रह नको, पण बहुतेक हो म्हणतील. मग खतवाल्यांना भेटा. त्यानंतरच ग्रुपवर लिहा, आणि कोणाचंही नाव, कोणताही जुना प्रसंग न काढता लिहा. मी लिहिलं असतं तर एवढंच:

'उद्यापासून विक्रीच्या पोस्ट फक्त रविवारी पाच ते आठ. इतर वेळी आलेली पोस्ट मी पुसेन, राग मानू नये. प्रश्नाचं उत्तर आधी शब्दांत, लिंक नंतर. सभासदाबद्दल काही म्हणायचं असेल तर त्यालाच फोन करा, नाव न घेता लिहिलेलंही पुसलं जाईल. नियम मलाही लागू.'

'नाव न घेता लिहिलेलंही' हे शब्द गाळू नका, काकांची सगळी कला त्याच पळवाटेत आहे. महिनाभर न चुकता पुसत राहा, दोघांचंही, सारख्याच हाताने. महिन्याने कोणी एक ऐकतच नसेल तर त्याला काढा. तेव्हा ते तुम्हाला जड जाणार नाही आणि लोकांनाही अन्याय वाटणार नाही.

पण खतवाल्यांना भेटायला जाण्याआधी आजवर घेतलेल्या खताचा हिशेब करा. किती पिशव्या झाल्या, त्यांच्याच दरपत्रकाप्रमाणे किती होतात, आणि तेवढे पैसे आधी त्यांना पाठवून द्या. ते नको म्हणतील, तरी द्या. काकांना हे फुकटचं खत नक्की माहीत असणार.